मतदारयादीचे अकरा फॉर्म

२०२० च्या उन्हाळ्याच्या शेवटी मला डब्लिनमध्ये नोकरी लागली. एका विद्यापीठातलं वर्षभराचं संशोधन होतं. युरोपातल्या सहा देशांमधल्या शाळा मुलांना सक्रिय नागरिक कसं करतात, याची तुलना करायची. पुण्यातल्या बहिणीला हे सांगितलं तर ती फोनवर हसत सुटली. म्हणाली, "अगं, तू सोसायटीच्या मीटिंगला कधी पाय ठेवला नाहीस. पाणी आलं नाही तर भांडायचं की टँकर मागवायचा, यावर तुझं उत्तर कायम टँकर." बहीण खोटं बोलत नव्हती. पण मला राग आला, कारण चार वर्षं घरी बसून, मग इथे नव्याने मास्टर्स करून मिळालेली ती पहिली नोकरी होती, आणि या विषयातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता.

समज उगाच नव्हता. पुण्यात एका शाळेत मी नऊ वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं होतं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला विषय. इतिहासाचे तास स्नेहसंमेलनात बुडाले की भरपाई नागरिकशास्त्राच्या तासांतून व्हायची, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी फळ्यावर रिकाम्या जागा लिहून द्यायचे. 'अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक ______ मतदानाचा अधिकार आहे.' मुलं 'नागरिकाला' असं लिहून एक गुण मिळवायची. त्या शब्दापुढे मी लाल पेनाने किती खुणा केल्या असतील, देव जाणे.

आम्ही सँट्रीत राहायचो, विमानतळाजवळच्या एका अपार्टमेंटमध्ये, चौथ्या मजल्यावर. नवरा औषधांच्या प्लँटमध्ये इंजिनिअर. त्याचं काम घरून होण्यासारखं नव्हतं, तो रोज जायचा. मुलगी सेकंड इयरला, म्हणजे आपल्याकडची आठवी. ती शाळेत जायची आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून फ्रान्स, जर्मनी, फिनलंड, ऑस्ट्रिया, ग्रीस आणि आयर्लंड यांच्यात बसायचे.

काम साधं होतं, म्हणजे कंटाळवाणं होतं. शाळांमध्ये जाणं करोनामुळे रद्द झालं होतं, म्हणून शिक्षकांनी पाठवलेले कागद वाचायचे आणि एका तक्त्यात आकडे भरायचे. फ्रान्समध्ये विषयाला स्वतःचा तास आहे. जर्मनीत दर राज्याची तऱ्हा वेगळी. फिनलंडमध्ये तो समाजशास्त्राच्या पोटात आहे. ऑस्ट्रियात सोळाव्या वर्षीच मत देता येतं, त्यामुळे शाळेला घाई असते. हे सगळं झालं की शेवटचा रकाना यायचा: मुलं प्रत्यक्षात काय करतात? नुसती माहिती पाठ करत असतील तर शून्य. वर्गात चर्चा केली तर एक. शाळेच्या आवारात काही बदललं तर दोन. शाळेबाहेरच्या खऱ्या निर्णयाला हात घातला तर तीन. तीन मिळालेल्या कागदांकडे आमच्या प्रोफेसरबाई फार प्रेमाने बघायच्या. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण माझ्या मनात त्या कायम बाईच राहिल्या.

एका मीटिंगमध्ये मी मोठ्या अभिमानाने आमच्या शाळेतल्या मंत्रिमंडळाची गोष्ट सांगितली. दरवर्षी मुलांमधून पंतप्रधान निवडायचो, स्वच्छता मंत्री, सहल मंत्री, शपथविधी व्हायचा. ग्रीसमधली सहकारी म्हणाली, छान आहे, आणि सहल कुठे जायची ते कोण ठरवायचं? मी म्हटलं, मुख्याध्यापिका. ती म्हणाली, मग स्वच्छता मंत्री काय करायचा? मी म्हटलं, फळा पुसला की नाही ते बघायचा. सगळे प्रेमळ हसले. फिनलंडच्या माणसाने विचारलं, म्हणजे एक द्यायचा की शून्य? त्याला चेष्टा करायची नव्हती, तो मनापासून विचारत होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता मुलीचं सांगते. इथे त्यांना हा विषय छोटा असतो, पण त्यात मुलांनी स्वतः काहीतरी करून दाखवायचं असतं, आणि शेवटी काय केलं, काय शिकलो, याची नोंद लिहून द्यायची असते. ऑक्टोबरात मुलगी घरी आली ती डोक्यात क्रॉसिंग घेऊन. आमच्या इमारतीसमोरच्या रस्त्यावर बसचा स्टॉप पलीकडे होता आणि पायी ओलांडायला सिग्नल नव्हता. गाड्या विमानतळ गाठायच्या वेगाने जायच्या. तळमजल्यावर एक बाई राहायची. नायजेरियाहून येऊन तिला बारा वर्षं झाली होती आणि ती एका हॉस्पिटलमध्ये सफाईचं काम करायची. तिची पहाटेची बस असे. अंधारात आपल्या लहान मुलीला बाबागाडीत घालून, पाळणाघरात सोडायला म्हणून तो रस्ता ओलांडताना एकदा तिला गाडीचा आरसा लागला होता. दंड काळानिळा झाला होता. तो तिने आमच्या मुलीला लिफ्टपाशी दाखवला.

मुलीने नगरसेवकाला ईमेल केली. गोड उत्तर आलं की मुद्दा लक्षात ठेवला जाईल. त्यावर त्यांच्या टीचरने वर्गाला विचारलं, तुमच्या इमारतीतले किती लोक मतदारयादीत आहेत? कारण जो यादीत नाही, त्याच्या दाराशी कोणी मत मागायला येत नाही. मुलीने घरी येऊन मला विचारलं, "आई, आर वी ऑन द रजिस्टर?"

मी पोळ्या करत होते. वळूनही बघितलं नाही. म्हटलं, "आपण इथले नागरिक नाही. आपल्याला मत नसतं."

"बट टीचर म्हणाली, लोकल इलेक्शनला सगळ्यांना असतं. इथे राहत असलं की झालं."

"टीचरचं चुकलं असेल. मत नागरिकाला असतं. मी नऊ वर्षं हेच शिकवलंय आणि आत्ताही मी याचंच काम करते."

ती दप्तर उचलून खोलीत गेली. पण मला तेवढ्याने चैन पडेना. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, आणि मी तर स्वतःला विद्यापीठातली गाय समजत होते. मी टीचरला ईमेल लिहिली. अतिशय सभ्य भाषेत, स्वतःच्या हुद्द्यासकट, की मुलांना नागरिकत्व आणि मताधिकार यांतला संबंध चुकीचा सांगितला जात आहे असं वाटतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, माझ्याहून सभ्य. सोबत फॉर्म जोडला होता. स्थानिक निवडणुकीत मत द्यायला कुठल्याही देशाचं नागरिकत्व चालतं, इथे राहत असलं की पुरे. फॉर्मवर नागरिकत्वाची चौकट होतीच, ती फक्त कोणत्या निवडणुकीला नाव घालायचं ते ठरवण्यासाठी. मी या देशात सहा वर्षं राहत होते. सहा देशांच्या अभ्यासक्रमांची पानं माझ्यासमोर उघडी होती, आणि ज्या देशात बसून मी ती वाचत होते तिथे मला मत आहे, हे मला माहीत नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या उत्तरातूनच कळलं, वर्गात सगळ्यांसमोर मुलीने आधीच हात वर करून सांगून टाकलं होतं, की माझी आई यातली तज्ज्ञ आहे आणि ती म्हणते हे चूक आहे. घरी आल्यावर ती मला काही बोलली नाही, हे मला जास्त लागलं.

लाज वाटून मी त्याच संध्याकाळी तिच्यासमोर दोन फॉर्म भरले, माझा आणि नवऱ्याचा. नवऱ्याने मोबाइलवरून मान न उचलता सही केली. मुलगी खूश झाली. तिने ठरवलं, इमारतीतल्या सगळ्यांना विचारायचं, आणि नोव्हेंबर संपायच्या आत, यादीची मुदत आहे तोवर, सगळे फॉर्म एकत्र कौन्सिलला, म्हणजे इथल्या महापालिकेला पाठवायचे. त्या दिवसांत कोणाच्या घरी जायला बंदी होती. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचीही. म्हणून ती दारांच्या फटीतून कोरा फॉर्म आणि स्वतः लिहिलेली चिठ्ठी सरकवायची. खाली लॉबीत, पत्रपेट्यांशेजारी तिने बुटांचा रिकामा खोका ठेवला, वर फट कापली. मी तिला म्हणाले, कोणी देणार नाही. पंधरा दिवसांत आमचे दोन धरून अकरा फॉर्म झाले. खोक्यात पहिला पडला तो तळमजल्यावरच्या बाईचा. तिने चिठ्ठीच्या मागे लिहिलं होतं, 'बारा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. देव तुझं भलं करो.'

आमच्या मराठी लोकांचं वेगळं. इमारतीत चार मराठी घरं होती आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. गणपतीला ऑनलाइन आरती झाल्यापासून तो गार पडला होता, तो एकदम जागा झाला. सहाव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी लिहिलं, 'कृपया कोणीही फॉर्म भरू नये. आपली सिटिझनशिपची फाईल चालू असताना असले उद्योग नकोत. बॅकग्राउंड चेक होतो.' खाली अंगठे पडले. कोणीतरी लिहिलं, परदेशात मतदान केलं तर आपला पासपोर्ट जातो म्हणे. कोणीतरी त्याला हात जोडले. चार इंजिनिअर, दोन डॉक्टरेट, आणि एकालाही तो फॉर्म वाचून बघावासा वाटला नाही. मला वाचून माहीत होतं. मला लिहिता आलं असतं, दोन ओळींत, की यात काही भीती नाही. मी ग्रुप म्यूट केला.

आमची फाईल चालू होतीच. नवऱ्याने नागरिकत्वाचा अर्ज टाकून दीड वर्ष झालं होतं. करोनामुळे सगळं अडकलं होतं. त्या अर्जात चांगल्या चारित्र्याची अट असते, आणि ते शब्द आमच्या घरात देव्हाऱ्यासारखे एका कोपऱ्यात बसलेले असायचे. जोरात बोलायचं नाही, खालच्यांना त्रास होईल. टीव्ही लायसन्सचे पैसे वेळेवर भरायचे. बसमध्ये कोणी काही बोललं तर ऐकून घ्यायचं. मुलीसमोर हे सगळं होत होतं आणि ती शाळेतून उलटं शिकून येत होती.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्या वर्गात एकाला करोना निघाला. ती त्याच्या बाकाजवळ बसलेली, म्हणून तिला चौदा दिवस घरातच राहायचं होतं. तिने खोलीच्या दारातून मला पाकीट दिलं. आत अकरा फॉर्म आणि वर एक पत्र. पत्रात तिने अकरा जणांची नावं आणि फ्लॅटचे नंबर लिहिले होते, का पाठवतोय ते लिहिलं होतं, क्रॉसिंगचं लिहिलं होतं, आणि खाली आपलं नाव आणि आमचा पत्ता. म्हणाली, "आई, टुडे टाकशील ना? डेडलाइन आहे."

"आज टाकते," मी म्हणाले.

मी बूट घालत होते तेव्हा सहाव्या मजल्यावरच्या गृहस्थांचा फोन आला. "वहिनी, आमच्या हिने मला न विचारता तुमच्या मुलीला फॉर्म दिलाय. तेवढा काढून ठेवा. आणि रागावू नका, पण मुलीला जरा आवरा. आपण पाहुणे आहोत इथे. आपण भले, आपलं काम भलं." मी होकार दिला. पाकीट फोडलं, त्यांच्या बायकोचा फॉर्म काढला. तिची सही सुंदर, वळणदार होती. मुद्दाम जपून केल्यासारखी. तो मी त्यांच्या पत्रपेटीत टाकला आणि वर आले, कारण नवराही तेवढ्यात घरी पोचला होता आणि मला ते त्याला सांगायचं होतं.

त्याने पत्र वाचलं. तो वाईट माणूस नाही. कोणाशी वर आवाज करून बोलत नाही. पण पत्र वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. "सगळ्यांची नावं आपल्या पत्त्यावरून? उद्या कोणी चौकशी केली, कोण हे गोळा करतंय म्हणून, तर?"

"कोण करेल चौकशी?"

"मला काय माहीत कोण करेल. एवढं एक वर्ष जाऊ दे ना. हात दाखवून अवलक्षण कशाला? निवडणूक तरी कुठे आहे आत्ता?"

निवडणूक खरंच लांब होती. क्रॉसिंगही अकरा नावांनी उद्या होणार नव्हतं. ही दोन वाक्यं मी पुढे तीन महिने मनात घोळवली. आणि खरं सांगायचं तर पत्र काढून ठेवून, आमचे दोन सोडून, बाकीचे आठ फॉर्म मी मुकाट्याने पाठवू शकत होते. हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण नवं पाकीट शोधायचं, त्यावर पत्ता लिहायचा, नवऱ्याशी बोलणं वाढवायचं, सहाव्या मजल्याला तोंड द्यायचं, आणि एवढं कोणासाठी, तर जिच्याशी माझं लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे काही नाही त्या बाईसाठी? असंच माझ्या मनात आलं, याच शब्दांत. मी पाकीट किचनच्या प्रेसमध्ये ठेवलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. भाजणीच्या डब्यामागे ठेवलं.

रात्रीचं ताट तिच्या दाराशी ठेवताना तिने आतून विचारलं, "टाकलंस?"

"टाकलं गं."

मुदत गेली. नाताळ आला. जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या आणि आम्ही दोघी दिवसभर घरात, ती तिच्या खोलीत तासाला, मी टेबलावर तक्त्याला. त्याच दरम्यान एका मीटिंगमध्ये ग्रीसच्या सहकारिणीने एक निरीक्षण मांडलं. तिच्या दोन शाळांत बाहेरून आलेल्या घरांतली मुलं वर्गात भरपूर बोलतात, पण त्यांचं काम शाळेच्या फाटकाबाहेर जात नाही. दोनच्या पुढे जात नाही. इतरांनाही तसं वाटत होतं. का होत असेल? कोणी म्हणालं अभ्यासक्रम, कोणी म्हणालं शिक्षकांचं प्रशिक्षण. प्रोफेसरबाई माझ्याकडे वळल्या, म्हणजे स्क्रीनवर माझ्या चौकोनाकडे. "तुम्हाला कदाचित आतून काही सांगता येईल?" त्यांनी फार आदराने विचारलं.

आमच्या तक्त्यात पालकांचा रकाना होता. 'पालकांचा सहभाग: आहे, थोडा, नाही.' पालक मुलाचं काम उचलून डब्यामागे ठेवतात, याला त्यात जागा नव्हती. सहा देशांच्या सहा शहाण्या माणसांना ते सुचलं नव्हतं, आणि ज्या एका बाईला ठाऊक होतं, तिने अनम्यूट केलं आणि म्हणाली, "भाषेची अडचण असावी." सगळ्यांनी माना हलवल्या. प्रोफेसरबाईंनी ते टिपून घेतलं. माझ्या मुलीला भाषेची काय अडचण होती? ती माझ्या इंग्रजी ईमेलमधल्या चुका काढायची.

फेब्रुवारीत नवी यादी लागली. तळमजल्यावरची बाई मुलीला लॉबीत भेटली आणि म्हणाली, "बाळा, मी बघितलं, माझं नाव नाहीये. माझंच काही चुकलं असेल का फॉर्म भरताना?" मुलीने वर येऊन ऑनलाइन यादी उघडली. अकराही नावं एकेक करून घातली. मी शेजारी बसून मटार सोलत होते. एकही सापडलं नाही. सगळी पुन्हा घातली, फ्लॅटचे नंबर वेगळ्या तऱ्हेने लिहून. मग म्हणाली, "दे लॉस्ट देम. सगळेच्या सगळे. हाऊ डेअर दे?"

ती तक्रार लिहायला बसली. कौन्सिलला, प्रत नगरसेवकाला, प्रत टीचरला. टीचरने ऑनलाइन तासाला तिचं कौतुक केलं की हेच खरं नागरिकाचं काम, पाठपुरावा. पत्र माझ्या तक्त्यात नक्की तीन मिळवणारं होतं. सभ्य, मुद्देसूद, आणि चिडलेलं. 'आमच्या इमारतीतल्या अकरा जणांनी तुमच्यावर विश्वास ठेवला,' असं एक वाक्य होतं. नवऱ्याने ते वाचलं आणि मला आत बोलावून म्हणाला, "आता तक्रार जाणार? आपल्या नावाने? तू तिला सांग काहीतरी." मी विचारलं, काय सांगू? तो म्हणाला, काहीही सांग. आणि कामाला निघून गेला. तेव्हा मला त्याचा जेवढा राग आला तेवढा लग्नानंतर कधी आला नव्हता. पण तो राग सोयीचा होता. पाकीट त्याने ठेवलं नव्हतं.

दुपारी दोनच्या सुमारास, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, मी प्रेस उघडला, भाजणीचा डबा बाजूला केला आणि पाकीट तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. तिने फॉर्म बाहेर काढले. मोजले. दहा. "एक कुठेय?" तिने आधी तेच विचारलं. मी सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं, बाबांची फाईल, पत्रातली नावं, चौकशी. बोलता बोलता मलाच ते ऐकू येत होतं आणि किती पोकळ वाटत होतं.

"पण कोणाला घाबरलात तुम्ही?" तिने विचारलं. रागाने नव्हे. तिला खरंच उत्तर हवं होतं. या देशात आम्हाला कोणी धमकावलं नव्हतं. फॉर्म कौन्सिलनेच छापला होता. भीती आम्ही सामानातून आणली होती, लोणच्याच्या बरणीसारखी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आणि इथे येऊन काळजीपूर्वक मांडून ठेवली होती.

"तू म्हणालीस, टाकलं."

"हो."

"मी चार वेळा विचारलं होतं."

तिने मोजलेलं होतं. मला एकदाच आठवत होतं.

मी म्हटलं, मी खाली जाऊन त्या बाईंना सांगते, माफी मागते. हे मी म्हणाले खरी, पण उठले नाही. तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं की मी उठणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीला आईबद्दल इतकं नेमकं कळू नये. ती फॉर्म पाकिटात भरत म्हणाली, "नको. राहू दे. मग सगळ्यांना कळेल. बाबांचं काहीतरी होईल."

"काही होत नाही गं बाबांचं," मी म्हणाले. तीन महिने उशिरा, पण म्हणाले.

"यू डोन्ट नो दॅट," ती म्हणाली.

'मला काय माहीत' म्हणणाऱ्या नवऱ्याचंच वाक्य होतं ते, आमच्या दोघांचं, आणि आता तिचंही झालं होतं. तिने तक्रारीचं पत्र पुसून टाकलं. टीचरला कळवलं की शहानिशा केली, चूक कौन्सिलची दिसत नाही. मग खाली जाऊन बाईला काय सांगितलं ते मी वरून ऐकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बाई मला लिफ्टपाशी भेटली आणि म्हणाली, तुमची पोरगी सोन्यासारखी आहे, पोस्टाचा काय भरवसा, पुढच्या वर्षी पुन्हा भरू. मी म्हणाले, हो, नक्की. तिच्या पहाटेच्या बसची वेळ तीच होती, रस्ताही तोच होता.

एप्रिलमध्ये शाळा उघडल्यावर शेवटची नोंद द्यायची होती. काय केलं, काय घडलं, काय शिकलो. तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. इतर वेळी ती मला काही दाखवत नसे, इंग्रजी तर नाहीच. मी वाचलं. क्रॉसिंग, ईमेल, बुटांचा खोका, अकरा फॉर्म, सगळं नीट लिहिलं होतं. नगरसेवकाचं उत्तर जोडलं होतं. मी टीचरला पाठवलेल्या त्या ईमेलबद्दल एक ओळही नव्हती, तीही तिने गाळली होती. पुढे लिहिलं होतं, 'दुर्दैवाने फॉर्म पोस्टात गहाळ झाले. यावरून मी शिकले की महत्त्वाचे कागद रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावेत.' वाक्य स्वच्छ होतं. कोणालाही खरं वाटलं असतं. मला माहीत होतं की टीचर याला उत्तम म्हणेल, आणि माझ्यासमोर हा कागद दुसऱ्या कोणाचा म्हणून आला असता तर मीही तीन दिले असते.

ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "बरोबर आहे ना आई?"

ती शुद्धलेखन विचारत नव्हती. तिला अजून वेळ होता. मला वाटतं, तिने मला वेळ दिला. मी पान वर नेलं, खाली आणलं, पुन्हा ते वाक्य वाचलं.

मी म्हणाले, "बरोबर आहे."

तिने लॅपटॉप ओढून घेतला आणि नोंद पाठवून दिली.